बाबा, बरड आहे पण पडीक नाहीये

प्रिय आई-बाबा,

परवा मी फोटो टाकले त्यावर बाबांनी फक्त "ही तर बरड जमीन, हिच्यात काय अभ्यास करता" एवढंच लिहिलं आणि आईने खाली विचारलं की वेळेवर जेवतेस का. आई, जेवते गं, व्यवस्थित जेवते. बाबांचं उत्तर मात्र फोनवर द्यायला गेले की ते मध्येच ट्रॅक्टरवाल्याशी बोलायला लागतात, म्हणून सगळं टाइपच करतेय, चष्मा लावून निवांत वाचा.

बरड आहे हे तुम्ही बरोबर ओळखलंत. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचा वायव्येकडचा कोपरा आहे हा, ओरेगॉनची हद्द जवळच, उंची साधारण सहा हजार फूट. पॅसिफिककडून येणारे ढग सिएरा नेवाडाचे डोंगर अडवतात आणि इकडे उरलंसुरलं येतं, तेही बहुतेक हिवाळ्यात, बर्फाच्या रूपात. सांगोल्यात जन्म काढलेल्या माणसाला पर्जन्यछाया म्हणजे काय हे मी काय सांगणार.

फोटोत जी गुडघ्याच्याही खाली राहिलेली राखाडी झुडपं दिसतात ना, ते लो सेजब्रश. तुम्हाला वाटलं असेल की रोपं लहान आहेत, अजून वाढतील. नाही वाढणार! त्यातली कित्येक तुमच्या नोकरीच्या काळापेक्षा जुनी असतील, उंची तेवढीच, वीतभर ते फार तर दीड फूट. त्याचा मोठा भाऊ बिग सेजब्रश, तो कमरेच्या वर जातो, ओढ्याकाठी तर माणसाएवढा होतो, आणि गंमत अशी की दोघं शेजारी शेजारी असतात, चालता चालता एकाचं रान संपतं आणि चार पावलांत दुसऱ्याचं सुरू होतं, मध्ये ना कुंपण ना बांध. मी आल्या आल्या सरांना विचारलं होतं की इथे कोणी छाटणी केलीये का, ते काही बोललेच नाहीत, फावडं हातात दिलं.

खड्डा खणला की कळतं. वर वीत-दीड वीत माती, तीही दगडगोट्यांची, आणि तिच्याखाली एकदम चिकण मातीचा थर, इतका घट्ट की फावडं आपटतं. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की पाणी त्या थरावर येऊन थांबतं, खाली मुरत नाही, वरची माती नुसती राड होते, वाफसा यायला कितीतरी दिवस लागतात. बिग सेजब्रशच्या मुळांना हे असं पाण्यात राहणं सोसत नाही, ती गुदमरतात. जून संपता संपता तीच माती वाळून भेगाळते. म्हणजे आधी पाण्याने मारायचं आणि मग पाण्यावाचून मारायचं, आणि जो दोन्ही सोसेल तोच इथे राहणार, आणि लो सेजब्रश राहतो. डोंगरउतारावर जिथे चुनखडी जास्त तिथे त्याच्याऐवजी ब्लॅक सेजब्रश येतो, तोही असाच ठेंगणा, मेंढ्या आणि प्राँगहॉर्न (इथलं हरणासारखं जनावर) हिवाळ्यात त्याच्यावर तुटून पडतात.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. सेजब्रशचं पान चुरगाळलं की दवण्याचा वास येतो, अगदी तसाच नाही, जरा कापरासारखा जास्त, पण पहिल्यांदा घेतला तेव्हा मला चैत्रातला जोतिबाच आठवला. नंतर बघितलं तर दवणा आणि सेजब्रश एकाच कुळीतले निघाले, दोन्ही आर्टेमिसियाच. हल्ली मी जीपच्या डॅशबोर्डवर एक काडी ठेवते.

आता गवत, बाबांचा विषय. इथलं गवत आपल्या लॉनसारखं पसरत नाही, ठोंब धरून राहतं, म्हणून त्याला बंचग्रास म्हणतात. आयडाहो फेस्क्यू, ब्लूबंच व्हीटग्रास, आणि सगळ्यात बुटकं सँडबर्ग ब्लूग्रास, ते बर्फ गेलं की लगेच हिरवं होतं आणि उन्हाळा लागायच्या आत तुरे टाकून वाळून झोपी जातं. दोन ठोंबांच्या मध्ये जी मोकळी जमीन दिसते तीसुद्धा मोकळी नसते. गुडघ्यावर बसून भिंगातून बघितलं की काळपट खरबरीत पापुद्रा दिसतो, शेवाळ, दगडफूल, आणि डोळ्याला न दिसणारे जिवाणू, त्यातले काही हवेतला नत्र जमिनीला देतात. वारा आणि पाणी माती नेत नाही ते या पापुद्र्यामुळे, आणि गाईचा एक खूर पडला की तो फुटतो आणि परत धरायला वर्षानुवर्षं जातात. आमचं काम म्हणजे फीत ताणायची आणि ठरावीक अंतरावर सळई सरळ खाली सोडायची, ती कशाकशाला लागली ते लिहायचं, गवत, झुडूप, पापुद्रा, दगड, की नुसती माती. दिवसभर हेच. तुम्ही म्हणाल याला पगार देतात? देतात बाबा.

या गवतांना मोठ्या कळपांची सवयच नाही. तिकडे पूर्वेच्या सपाट मैदानात बायसन लाखांनी असायचे, इकडे तसं नव्हतं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गुरं आणि मेंढ्या अशा सोडल्या की ठोंबच्या ठोंब संपले. तेव्हा कुरण सरकारी असलं तरी चराईवर कसलंच बंधन नव्हतं, जो आधी पोचेल त्याची गुरं चरणार. शेवटी १९३४ मध्ये टेलर ग्रेझिंग ॲक्ट हा चराईचा कायदा आला आणि परवाने सुरू झाले. ब्लूबंचचं तर असं आहे की काडी वर यायच्या वेळेला, म्हणजे पोटरीत असताना चरलं की ते ठोंब खचतं, तेच वाळल्यावर चरलं तर फारसं बिघडत नाही. म्हणजे किती गुरं सोडली याच्याइतकंच कधी सोडली यालाही महत्त्व, हे तुम्ही धनगरांशी भांडताना कायम म्हणता तेच. आणि नंतर १९५०-६० च्या सुमाराला सरकारनेच सेजब्रश म्हणजे तण असं ठरवून लाखो एकरांवर टू-फोर-डी फवारलं, हो, तुम्ही ज्वारीत मारता तेच, आणि गुरांसाठी आशियातून आणलेलं गवत पेरलं. मला विचाराल तर हा निव्वळ मूर्खपणा होता, पण तेव्हाच्या लोकांना ती सुधारणा वाटत होती.

आताचं खरं संकट चीटग्रास. युरोप-आशियातलं वर्षायू गवत, ते थंडीतच उगवतं, मेच्या शेवटी-जूनमध्ये वाळून कोरडं ठाक होतं. लो सेजब्रशच्या माळावर आग फारशी लागायचीच नाही, कारण झुडपं लांब लांब, मध्ये पेटायला काही नाही, उलट आजूबाजूची आग इथे येऊन विझायची. चीटग्रासने नेमकी तीच मधली जागा भरली. चिकण मातीवर त्याच्या जोडीला मेडुसाहेड येतं, त्याच्यात सिलिका इतकी की गुरं तोंड लावत नाहीत आणि वाळलेला थर कुजतही नाही. आणि सेजब्रश एकदा जळला की बुडातून फुटत नाही, पार मेला, बी टाकतो तेही आपल्याच पायाशी. २०१८ मध्ये इथल्या पॅरडाइज व्हॅलीकडे मार्टिन फायर नावाची आग लागली, सुमारे ४ लाख ३५ हजार एकर गेले. त्या भागात आता पिवळं सपाट चीटग्रास बघितलं की जीव जातो. बी पेरता येतं, पेरतात, पण खोल मातीतल्या बिग सेजब्रशचं बी या बरडावर टाकून उपयोग नाही, आधी खड्डा खणून खाली काय आहे ते बघावं लागतं, म्हणून आमची ही फीत आणि सळई.

पक्ष्याचं राहिलं. तुम्ही मला लहानपणी नान्नजला माळढोक दाखवायला नेलं होतंत ना, इथे सेज ग्राउस आहे, त्यालाही असाच उघडा माळ लागतो. वसंतात पहाटे नर ठेंगण्या झुडपांच्या मोकळ्यावर जमतात, छातीच्या दोन पिवळ्या पिशव्या फुगवून बुडबुड असा आवाज काढत नाचतात, माद्या बघून जातात आणि घरटं मात्र जवळच्या उंच सेजब्रशखाली करतात. म्हणजे त्याला बुटकं आणि उंच दोन्ही रान हवं. हिवाळ्यात तो जवळपास फक्त सेजब्रशची पानं खातो, आणि वाऱ्याने बर्फ उडून जातं अशा माथ्यांवर ठेंगणं सेजब्रशच काय ते उघडं असतं.

आता तिकिटाचं. पक्षी बघायचे तर एप्रिल, पण तेव्हा पहाटे पाणी गोठतं, रस्त्यात चिखल, गाडी रुतते, आणि बाबांचा गुडघा. त्यापेक्षा मेच्या शेवटी या, गवत हिरवं असतं, बिटररूटची गुलाबी फुलं अगदी जमिनीला टेकून आलेली असतात, पक्षी पुढच्या खेपेला. बाबांनी बुटाचा साइज कळवा, इथूनच घेते, सँडल चालणार नाही. बीपीच्या गोळ्या सगळ्या मुक्कामाच्या आणा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. आणि आई, दवण्याची जुडी किंवा कसलंही बियाणं बॅगेत घालू नकोस, विमानतळावर काढून घेतात आणि वर दंड करतात.

तुमची,
मनू