आई-डॅडी, आता कम्युनियन घरी येईल

प्रिय आई आणि डॅडी,

दोघांचा आशीर्वाद मागते.

फोनवर हा विषय काढला की डॅडी "बघू नंतर" म्हणतात आणि आई भाजीच्या भावावर जाते, म्हणून लिहूनच पाठवते आहे. आधी सांगून टाकते. मी पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, ऑफिसात फोन केला, फादरांशी बोलले आणि देवळात येऊ न शकणाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेतात त्या यादीत तुम्हा दोघांची नावं दिली. येत्या पहिल्या शुक्रवारी फादर स्वतः येतील. नंतर दर रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर, म्हणजे देवळातल्या उपासनेनंतर, कम्युनियन मिनिस्टर (कम्युनियन वाटायला नेमलेली पॅरिशमधली माणसं) येतील, आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर. स्कूटरची किल्ली दादाकडे आहे. डॅडी, ती मागायची नाही.

ऑफिसातल्या वहीवर "आजारी" असं लिहिलेलं असतं आणि ते तुम्हाला लागणार, हे मला ठाऊक आहे. पण त्या वहीत अंथरुणाला खिळलेलेच असतात असं नाही. गुडघ्यांमुळे देवळाच्या पायऱ्या चढू न शकणारे, रात्री ऑक्सिजनवर असणारे, आणि अशा माणसाला एकटं सोडता येत नाही म्हणून त्याच्याजवळ घरी राहणारेही असतात. आई, तू त्या शेवटच्या रांगेतली. मागच्या पावसात पायऱ्यांवर जे झालं ते मी पुन्हा काढत नाही. एवढंच म्हणते की पहाटे साडेपाचला, अंधारात, शेवाळलेल्या रस्त्यावरून सहाची मिस्सा गाठायचा हट्ट देवाने तुमच्याकडे मागितलेला नाही.

तुम्ही म्हणाल, रविवार चुकवणं पाप आहे. बरोबर, जो जाऊ शकतो त्याच्यासाठी. चर्चच्या कायद्यातच, कॅनन १२४८ मध्ये, लिहिलंय की गंभीर कारणामुळे मिस्सेला जाणं अशक्य असेल तर घरी एकट्याने किंवा कुटुंबाने मिळून प्रार्थना करावी. ज्याला जमतच नाही त्याच्यावर ते बंधन येत नाही, त्यासाठी फादरांकडून चिठ्ठी आणावी लागत नाही. इथे दोह्यात शुक्रवारची सुट्टी, म्हणून आमची रविवारची मिस्सा शुक्रवारीच होते. माणसं जिथे आणि जशी आहेत तिथे चर्च पोचतं.

आणि हे काही नव्याने काढलेलं नाही. इसवी सन १५५ च्या सुमाराला संत जस्टिनने रोममधल्या रविवारच्या मिस्सेचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात शेवटी स्पष्ट आहे की जे हजर नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, कम्युनियन घेऊन जात. म्हणजे देवळं बांधली जाण्याच्याही आधीपासून ही रीत आहे. डॅडी, तुम्ही आल्तारवर सेवा करायचात तेव्हा संत टार्सिसियसची गोष्ट ऐकली असेलच. तोही असंच कम्युनियन घेऊन निघाला होता. आणि टॅबरनॅकलमध्ये, देवळातल्या त्या छोट्या कपाटात, पवित्र भाकर राखून ठेवतात तीसुद्धा आधी मरणोन्मुखांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. आराधना तिथूनच पुढे वाढली. त्यामुळे तुमच्या घरी जे येणार ते दुय्यम किंवा उरलंसुरलं नाही. ज्या मिस्सेला तुम्ही जाणार होतात, त्याच मिस्सेतून ते निघतं.

आता आईसाठी, कारण उपाशी राहण्याचा हट्ट तिचा. आई, तू पहिलं कम्युनियन घेतलंस त्याच्या जरा आधीपर्यंत मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोटही चालत नव्हता, आणि आजीने तेच तुझ्या डोक्यात बसवलं. पण १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याला सूट दिली, १९५७ साली उपवास तीन तासांवर आणला, आणि १९६४ पासून पोप सहावे पॉल यांनी तो एक तासाचा केला. पाणी आणि औषधाने तोही मोडत नाही. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना, तासाभराचीही अट नाही. तेव्हा डॅडींची साखरेची गोळी, मग नाश्ता, मग कम्युनियन, हा क्रम मोडायचा नाही. गोळी घेऊन मिनिस्टरची वाट पाहत उपाशी बसलं की साखर खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, आणि मग प्रार्थनेत कुणाचंच लक्ष राहत नाही. तेच राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. उपवासाचं बंधन एकोणसाठावं वर्ष पूर्ण झालं की संपतं. मांस वर्ज्य करण्याला वयाची वरची मर्यादा नाही, ते तुम्ही पाळा. पण डॉक्टरांनी सांगितलेलं अंडं या कारणाने सोडू नका.

घरची तयारी सोपी आहे, तरी लिहून ठेवते. ओटीवरचं छोटं टेबल डॅडींच्या खुर्चीच्या उजव्या हाताला. त्यावर पांढरं धुतलेलं कापड. नाताळचं भरतकामाचं नको, त्याच्या टाक्यांत कण अडकतात. साधं, गुळगुळीत घे. वर क्रूस, दोन मेणबत्त्या, एका वाटीत थोडं पाणी, एक पेला पिण्याचं पाणी, एक चमचा. पवित्र पाण्याची बाटली असली तर बाजूला ठेव, फादर आले की ते शिंपडतील. पंखा बंद करा, नाहीतर मेणबत्त्या विझतात. आणि डॅडींचं ऑक्सिजनचं मशीन चालू असेल तर मेणबत्ती लावायचीच नाही, कितीही ओकंबोकं दिसलं तरी. ऑक्सिजनजवळ ज्योत म्हणजे आग. मेणबत्तीवाचून काही अडत नाही.

टेबलावरून गोळ्यांचा डबा, चष्मा, रिमोट सगळं उचला. टीव्ही बंद. कुत्र्याला मागच्या दारी बांधा. दार अर्धं उघडं ठेवा, म्हणजे मिनिस्टरला बेल वाजवून थांबावं लागणार नाही.

आई, हे नीट वाच. मिनिस्टर आले की "आधी चहा" असं म्हणायचं नाही. त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत पिक्स, म्हणजे पवित्र भाकरीची छोटी डबी, असतं, आणि त्यात पुढच्या घरांचंही कम्युनियन असतं. ते देवळातून थेट निघतात, वाटेत कुणाशी गप्पा मारत नाहीत, बाजारात थांबत नाहीत. तुझा चहा आणि सुकेळी संध्याकाळी त्यांच्या घरी पाठव. सकाळी दहा मिनिटं पुरतात: अभिवादन, पापांची क्षमा मागण्याची प्रार्थना, त्या रविवारच्या शुभवर्तमानाचा छोटा भाग, प्रभूची प्रार्थना, कम्युनियन, थोडी शांतता, शेवटची प्रार्थना. मिनिस्टर धर्मगुरू नाहीत, म्हणून शेवटी ते तुमच्यावर हात उचलून आशीर्वाद देणार नाहीत, स्वतःवर क्रूसाची खूण करतील. डॅडी, तेव्हा "हे काय अर्धवट" असा चेहरा करू नका. अशा बिगरधर्मगुरू मिनिस्टरांना १९७३ पासून पोपची परवानगी आहे, आणि आपल्याकडच्यांना बिशपांच्या नावाने नेमलेलं असतं.

कम्युनियनच्या आधी आपण जी ओळ म्हणतो ना, मी पात्र नाही ही, ती मत्तयच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातल्या शताधिपतीची, म्हणजे रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याची, आहे. तो येशूला म्हणाला, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही. तो आपल्या घराबद्दलच बोलत होता. देवळात उभं राहून आयुष्यभर म्हटलेली ही ओळ आता आपल्याच मंगलोरी कौलांखाली म्हणाल.

घशाची काळजी वेगळी. डॅडींची कवळी सैल आहे, त्यामुळे पवित्र भाकर टाळूला चिकटते आणि मग ठसका लागतो. आधीच दोन घोट पाणी पिऊन तोंड ओलं करा. मिनिस्टरला सांगा की अर्धा किंवा पाव तुकडा द्या. लहानशा तुकड्यातही ख्रिस्त संपूर्ण असतो, कमी-जास्त असं काही नसतं. मिनिस्टर उठण्याआधी चमच्याने पाणी घ्या. गुडघे टेकायचे नाहीत, दोघांनीही; बसून, मान लववली की झालं. तुकडा खाली पडला तर घाबरून पायाने सारू नका आणि केराच्या सुपात तर अजिबात टाकू नका. मिनिस्टर उचलतील. तो भाग ओल्या कापडाने पुसायचा, ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचं. त्या दिवशी खोकला फार असेल तर सरळ सांगा, आज नको. ते परत नेतील आणि पुढच्या वेळी देतील. आणि "दुपारी घेतो, इथे ठेवा" असं कधीही नाही. कम्युनियन घरात ठेवता येत नाही.

पापनिवेदन मिनिस्टर ऐकू शकत नाहीत, ते फादरच ऐकतात. म्हणून पहिल्या शुक्रवारी जमेल तेव्हा त्यांच्याकडे करून घ्या. दोघांनी एकाच खोलीत नको. आई, तू स्वयंपाकघरात जा आणि दार ओढून घे. डॅडींना ऐकू कमी येतं म्हणून ते मोठ्याने बोलतात, आणि ते शेजारच्या वाडीपर्यंत जायला नको. श्रवणयंत्राची बॅटरी आदल्या रात्री बदला.

एक गोष्ट हळूच सांगते, रागावू नका. मी फादरांना तैलाभ्यंगाबद्दलही, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करतात त्या संस्काराबद्दलही, विचारलं. काकांच्या वेळेला तो अगदी शेवटी दिला गेला, म्हणून तो शब्द ऐकला की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण तो मरणाऱ्यांसाठीच आहे ही समजूत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्टपणे दूर केली, आणि १९७२ साली त्याचा विधीही नवा केला. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, किंवा नुसत्या वयाने अशक्तपणा आला तरी तो घेता येतो. कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावतात. प्रकृती पुढे आणखी बिघडली तर पुन्हा घेता येतो. ज्या आजारातून माणूस उठतो त्यातही तो दिला जातो, याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तसंच लिहिलंय. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तो होईल, आणि त्याच दिवशी डॅडींनाही. ११ फेब्रुवारीला आजाऱ्यांच्या दिवशी देवळात सगळ्यांना मिळून देतात, पण ऑपरेशन त्याआधी ठरलं तर थांबू नका. लोक कुठे चुकतात तर बोलवायला उशीर करतात. माणूस शुद्धीत असताना बोलवलं तर तो स्वतः प्रार्थना म्हणू शकतो, पापनिवेदन करू शकतो. हॉस्पिटलमध्ये जावं लागलं तर ते दुसऱ्या पॅरिशच्या हद्दीत असेल, आपल्या फादरांना आपोआप कळत नाही. ऑफिसचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा आणि डॅडींच्या पाकिटात औषधांच्या कागदामागे ठेवा.

आठवड्यातल्या बाकी दिवशी टीव्हीवरची किंवा मोबाइलवरची मिस्सा बघा, बघताना खुर्चीत नीट बसा, आणि शेवटी आध्यात्मिक कम्युनियनची, म्हणजे येशूला मनातच स्वीकारण्याची, प्रार्थना म्हणा. तिने कम्युनियनची जागा भरून निघत नाही, म्हणून तर मिनिस्टर येतात. संध्याकाळची रोझरी नेहमीसारखीच. डॅडी, गुरुवारी रोझरीतली प्रकाशाची रहस्यं म्हणायला आता हरकत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती २००२ साली दिली, तुम्ही अजून त्यांना "नवीन" म्हणता.

आणि पॅरिश सुटलेलं नाही. झावळ्यांचा रविवार, ईस्टर, नाताळ आणि पॅरिशच्या सणाला दादा गाडी थेट बाजूच्या दारापर्यंत आणेल. तिथे उतार आहे, पायऱ्या नाहीत. दुसऱ्या रांगेत कडेची जागा धरायची, देवळातल्या स्वयंसेवकाला आधी सांगायचं, कम्युनियन बाकावर येईल. आई, ज्या रविवारी तुझे पाय बरे असतील आणि वहिनी डॅडींजवळ थांबेल, तेव्हा तू नऊच्या मिस्सेला जा, खुशाल जा. मे महिन्यात वाडीतल्या क्रूसाजवळची प्रार्थना तूच चालव. उभं राहायचं नाही, प्लास्टिकची खुर्ची घेऊन जा. डॅडी, पॅरिशमधल्या आजाऱ्यांची नावं दर आठवड्याला फादर तुम्हाला पाठवतील, मीच सुचवलं. ती वाचून रोज रोझरीचं एक दशक म्हणायचं. हे तुम्हाला वेळ जावा म्हणून दिलेलं काम नाही. देवळात धावपळ करणाऱ्या कुणालाच ते जमत नाही.

बाकी सगळं बघितलंय. खुर्चीची नवी उशी शनिवारी येईल, तिच्यावर प्लास्टिक ठेवू नका, घाम येतो. ओटीवरचा दिवा दादा बदलेल. आई, तू लहानपणी मला मिस्सेला नेताना बोटात बोट घालून चालायचीस, तसंच डॅडींना ओटीवर आणताना हात धर. कोपराला धरून ओढू नकोस.

फादरांची बदली झाली की यादीतून नावं गळतात, नवीन फादरांना माणसं माहीत नसतात. ते मी लक्षात ठेवेन, पण तुम्हीही ऑफिसात एकदा विचारा. शुक्रवारी फादर किती वाजता येणार ते गुरुवारी संध्याकाळी कळवतील. तेव्हा फोन जवळ ठेवा आणि उचला, डॅडी. चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत ठेवू नका.

तुमची,
बाय