खासदाराची एक सही आणि आईची औषधाची चिठ्ठी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन झाला, आमच्या तालुक्यात पण कार्यक्रम झाला, माजी सैनिकांना शाल-नारळ दिला, भाषणं झाली, चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी येताना मला सारखी राजीव चंद्रशेखर यांची आठवण येत होती म्हणून लिहायला बसलो. ते कर्नाटकातून राज्यसभेवर अपक्ष खासदार होते तेव्हाची गोष्ट, २०१३ साली आर्मीच्या वेस्टर्न कमांडच्या आर्मी कमांडरनी त्यांना कमेंडेशन म्हणजे प्रशस्तिपत्र दिलं, सैनिक आणि माजी सैनिकांसाठी केलेल्या कामाबद्दल. आर्मी कमांडरचं कमेंडेशन म्हणजे काय ते जवानाला विचारा, अख्ख्या नोकरीत एकदा मिळालं तरी माणूस फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावतो. ते एका खासदाराला मिळालं. (ते पुढे कुठल्या पक्षात गेले, मंत्री झाले, तो विषय वेगळा, मला इथे राजकारण आणायचं नाही.)

त्यांनी काय केलं तर वन रँक वन पेन्शनसाठी (म्हणजे हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी असली तर कधीही रिटायर झालेला असो, पेन्शन सारखीच) एका नागरिकाने राज्यसभेकडे अर्ज केला होता त्यावर खासदार म्हणून सही केली आणि विषय लावून धरला. तो अर्ज राज्यसभेच्या याचिका समितीकडे गेला, अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे नंतर आपले राज्यपाल झाले, आणि १९ डिसेंबर २०११ ला समितीने सरळ सांगितलं की वन रँक वन पेन्शन द्या. खर्च वर्षाला १३०० कोटी धरला होता आणि त्यातले १०६५ कोटी अधिकाऱ्यांचे नाही तर आम्हा जवान लोकांच्या वाट्याचे होते, हे बऱ्याच जणांना आजपण माहीत नाही.

माझे वडील १९८४ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले, मी २००८ ला, हवालदार म्हणूनच, दोघंपण मराठा लाइट इन्फंट्रीचे, नोकरीची वर्षं जवळपास तेवढीच. बँकेत एकत्र जायचो. माझ्या पासबुकातला आकडा मोठा, दादांचा म्हणजे वडिलांचा लहान, ते काही बोलायचे नाहीत, पासबुक मिटून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि मलाच कसंतरी व्हायचं. नंतर १५ जून २०१५ पासून जंतरमंतरवर म्हातारी माणसं वन रँक वन पेन्शनसाठी धरणं धरून बसली, ५ सप्टेंबरला तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी घोषणा केली, १ जुलै २०१४ पासून लागू झालं. फरकाचा पहिला हप्ता आला तेव्हा दादांनी आधी आईचा चष्मा बदलून आणला. दादा आता नाहीत.

आता आईचं सांगतो. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली, मी रिटायर होताना वर्गणी कापून घेतली, योजना खरंच चांगली आहे आणि आमच्यासारख्यांना दुसरा आधार पण नाही. पण आईला शुगर आणि बीपी, योजनेच्या दवाखान्यात, पॉलिक्लिनिकला जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात, सकाळी सहाला निघायचं, नंबर लावायचा, आणि खिडकीवर चिठ्ठी परत मिळते, पाच औषधांपैकी तिनांपुढे लाल पेनने ‘एनए’ म्हणजे शिल्लक नाही असं लिहिलेलं. मग बाहेरून विकत घ्या, बिलं जोडा आणि पैसे कधी येतात त्याची वाट बघा. मागच्या वेळी तर तिला रेफर केलं त्या हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं की आमची जुनी बिलं अडकलीत, कॅशने भरणार असाल तर ॲडमिट करतो. ७८ वर्षांची बाई व्हीलचेअरवर बसून ते ऐकत होती. स्टाफला मी दोष देत नाही, तीपण आमचीच माणसं आहेत, पैसा आणि औषध वरूनच वेळेवर येत नाही.

महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत आणि साताऱ्या-कोल्हापूरकडे फौजी नसलेलं गाव शोधावं लागेल. संसदेत असा अर्ज साधा माणूस पण देऊ शकतो, फक्त त्यावर एका खासदाराची सही लागते. आम्ही चौदा माजी सैनिकांनी मिळून ईसीएचएसच्या औषधांबद्दल आणि अडकलेल्या बिलांबद्दल अर्ज लिहून ठेवलाय, आईच्या त्या चिठ्ठीची झेरॉक्स पण जोडलीय. कुठल्याही पक्षाचे असोत, जे साहेब सही करतील त्यांच्याकडे म्हणतील त्या दिवशी, म्हणतील तिथे आम्ही कागद घेऊन येतो.

– एक माजी हवालदार, जि. सातारा