हार्लेक्विनच्या वेशातला तो शिंपी नव्हे

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीतल्या लेखात पिकासोच्या १९२३ मधल्या हार्लेक्विनच्या चित्राखाली ‘नाटकी वेशातला शिंपी’ अशी ओळ छापली आहे. हार्लेक्विन म्हणजे जुन्या इटालियन नाटकातला, रंगीत शंकरपाळ्यांच्या पोशाखातला विदूषक. दोन चित्रांची सरमिसळ झालेली दिसते. पिकासोचा शिंपी म्हणजे बार्सिलोनाचा बेनेत सोलेर. कपडे शिवून द्यायचा आणि मोबदल्यात चित्रे घ्यायचा. त्याचे १९०३ चे व्यक्तिचित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्यात नाटकी काहीच नाही. हार्लेक्विन होऊन बसलेला गृहस्थ हासिंतो साल्वादो, स्वतः चित्रकार. अंगावरचा वेश फ्रेंच लेखक ज्याँ कॉक्तोने पिकासोकडे ठेवलेला. त्या वेशातली चित्रे एकाहून जास्त आहेत: एक स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, एक पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राच्या संग्रहात. पॅरिसच्या चित्रात थोडाच भाग रंगवून बाकीचा नुसत्या रेषांवर सोडला आहे.

नावाची चूक एका ओळीत सुधारता येईल. पण शाळेच्या नाटकासाठी हा पोशाख ‘रंगीत तुकडे जोडून’ शिवावा, एवढेच सांगून लेखाने हात झटकले आहेत, आणि कापड वाया जाते ते नेमके तिथे.

शंकरपाळीची बाजू १० सेंमी आणि टोकाचा कोन ६० अंश धरा. तयार तुकडा १० सेंमी रुंद, साधारण १७.३ सेंमी उंच होतो. चहूबाजूंनी १ सेंमी माया (शिलाईसाठी जादा कापड) सोडली की कापड जवळपास दीडपट लागते. बरेच जण हिशेबात इथेच चुकतात. उभ्या धाग्यावर (कापडाच्या काठाला समांतर) १०.७ सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापा आणि पट्टीच्या काठावर दर १२.३ सेंमीला ६० अंशांत तिरका काप द्या. मग प्रत्येक तुकड्याच्या दोन बाजू सरळ धाग्यावर येतात, दोन उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या. उरेब बाजू हात लावताच ताणते, म्हणून त्या छोट्या शिलाया आधी मारून तिरप्या ओळी तयार कराव्यात. ओळींना जोडणाऱ्या लांब शिलाया मग सरळ धाग्यावर पडतात आणि कापड लाटेसारखे फुगत नाही.

जोडताना कापलेली टोके एकमेकांवर जुळवू नयेत. उलट बाजूला शिलाईच्या रेषा खडूने आखून त्या जिथे छेदतात तिथे टाचणी लावायची. मायेची टोके थोडी बाहेर डोकावणारच. टोकाला टोक जुळवले, तर प्रत्येक जोडाला नक्षी सरकते आणि छातीवर शंकरपाळ्या वाकड्या दिसतात.

अंगरखा बेतायचा तो सगळे जोडकाम झाल्यावर. धागा तिरपा बसल्याने हे कापड लोंबते, तेव्हा सरळ धाग्यावर कापलेले सुती अस्तर हवेच. आणि लाल कापड कापण्याआधी वेगळे भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. घामाने तो रंग शेजारच्या पिवळ्यात उतरला, तर पुढे कितीही धुतले तरी डाग राहतो.

आपला,
एक वाचक