दोऱ्यालाही मोल असते

हातांनी गुंफलेल्या मण्यांच्या दागिन्यांवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. जुनी माळ नायलॉनच्या दोऱ्यात नव्याने ओवून घ्यावी, हा त्यातला सल्ला मात्र पटला नाही. संग्राहक मण्यांइतकाच दोराही निरखतो. गाठींची धाटणी आणि मण्यांचा क्रम यांवरूनच माळेच्या कारागिरीचा माग लागतो. काचमणी भिंगाखाली धरून पाहावा : सळईभोवती काच गुंडाळून केलेला असेल तर रेघा भोकाभोवती फिरतात, नळी ओढून कापलेला असेल तर त्या भोकाला समांतर धावतात. भोकाची झिजलेली कडही वापराची साक्ष देते (ती बनावटही असते, हा भाग वेगळा). दोरा कुजलाच असेल, तर आधी छायाचित्र घ्यावे, मगच माळ सोडवावी आणि जुना दोराही जपून ठेवावा.

– एक संग्राहक