मुद्राचित्राखालची दुसरी नावे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील विद्यापीठांच्या मुद्राचित्रण (दगड किंवा पाटीवर चित्र घडवून ते कागदावर छापण्याची कला) व कागदनिर्मिती केंद्रांवर आलेला लेख आस्थेने लिहिलेला होता. मात्र ‘नामवंत चित्रकारांच्या चित्रांच्या मर्यादित प्रती काढणे’ हे या केंद्रांचे काम असल्याचे त्यात म्हटले होते आणि सोबतच्या छायाचित्रांखाली केवळ चित्रकारांची नावे होती. या दोन गोष्टी एकमेकींशी निगडित आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

तयार तैलचित्राचे छायाचित्र काढून, ते यंत्रावर छापून, खाली क्रमांक व सही टाकून विकण्याचा व्यवसाय जगभर चालतो, आणि त्याला ‘प्रती’ म्हणणे योग्यच आहे. विद्यापीठांच्या केंद्रांत मात्र चित्र तेथेच घडते. उदाहरणार्थ, शिळाछाप (लिथोग्राफी) या प्रकारात चित्रकार चुनखडीच्या घोटलेल्या दगडावर तेलकट खडूने रेखाटतो. त्यानंतर डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे किती थेंब घालायचे आणि ते मिश्रण दगडाच्या कोणत्या भागावर किती वेळ ठेवायचे, हे मुद्रक ठरवतो. मिश्रण कडक झाले तर खडूच्या फिकट छटा जळून जातात; सौम्य राहिले तर काही छाप्यांनंतर बारीक पोत शाईने बुजू लागतो. शाईचा रूळ फिरत असताना दगड सतत ओला ठेवावा लागतो, कारण तो एका कोपऱ्यात जरी सुकला तरी कोऱ्या जागेला शाई धरते. पहिला चाचणी-छापा पाहून चित्रकार ‘हा निळा अजून मागे जायला हवा’ एवढेच म्हणतो. त्याचा अर्थ शाई पातळ करणे, रंगांचा क्रम बदलणे की नवा दगड घेणे, हे मुद्रकाला उमगावे लागते.

कागदाच्या बाबतीत तर ‘प्रत’ हा विचार टिकतच नाही. लगदा कुटणाऱ्या हॉलंडर यंत्रात तंतू किती वेळ कुटले यावर कागदाचा स्वभाव ठरतो: कापसाचा लगदा थोडाच कुटला तर मऊ, शाई पिणारा कागद मिळतो, अबाका (केळीच्या कुळातील झाडाचा तंतू) पुष्कळ वेळ कुटली तर कडक, अर्धपारदर्शक आणि वाळताना विलक्षण आकसणारा. काही चित्रकार रंगीत लगदाच ओल्या पानावर ओतून चित्र करतात. अशा कामात प्रतिमा कागदावर नसते, कागदातच असते, आणि दाबयंत्रातून निघाल्यावर ती कशी दिसेल याचा अंदाज अनुभवी कागदकाराला असतो. प्रथमच आलेल्या चित्रकाराला तो असणे कठीण.

या क्षेत्राने हे सहकार्य लपवलेले नाही, हे विशेष. चित्रकर्त्या जून वेन यांनी १९६०मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेली आणि १९७०पासून न्यू मेक्सिको विद्यापीठात असलेली टॅमरिंड ही संस्था मुळात शिळाछपाईचे मुद्रक घडवण्यासाठीच निघाली. तेथील छाप्याच्या कडेला संस्थेची बिनशाईची उठावदार मुद्रा असते आणि शेजारी मुद्रकाची स्वतःची. ज्या छाप्यावर चित्रकार ‘असेच छापावे’ अशी संमती देतो, तो साऱ्या आवृत्तीचा, म्हणजे त्या चित्राच्या ठरावीक संख्येने काढलेल्या सर्व छाप्यांचा, मापदंड ठरतो आणि प्रथेनुसार तो मुद्रकाला मिळतो. कलाकृतीवरच उमटवलेले नाव वृत्तपत्राच्या ओळीत गळावे, हे मला खटकते.

अशी कामे विद्यापीठांत रुजली याचे कारण, माझ्या मते, विद्यापीठाला फसलेल्या छाप्याचे भय व्यापारी कार्यशाळेइतके नसते. फसलेला छापा विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्यावर बोलता येते. मुद्राचित्रकार ज्युडिथ ब्रॉडस्की यांनी १९८६मध्ये न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात मुद्राचित्र आणि कागद यांचे केंद्र स्थापन केले, तेव्हा स्त्री व कृष्णवर्णीय कलावंतांना, ज्यांना मोठ्या व्यापारी कार्यशाळांची दारे सहसा उघडत नसत, तेथे आवर्जून बोलावले गेले. पुढे संस्थापिकेच्या नावाने ओळखले जाणारे हे केंद्र २०१८मध्ये फिलाडेल्फियातील पेन्सिल्वेनिया अकादमी ऑफ द फाइन आर्ट्समध्ये गेले. केंद्रे अशी जागा बदलतात, कधी बंदही पडतात. मग कोणते काम कोणाच्या हातून झाले हे सांगायला आवृत्तीची नोंद तेवढी उरते, आणि त्या नोंदीतील नावे वापरात न राहिल्यास तीही कपाटातच राहते.

मुद्रकाला चित्रकाराच्या बरोबरीने कर्ता मानावे, असे माझे म्हणणे नाही. काय ठेवायचे आणि काय पुसायचे याचा शेवटचा शब्द चित्रकाराचा असतो आणि सहीही त्याचीच असावी. परंतु आपलेच दैनिक नाट्यपरीक्षणात नेपथ्यकार व प्रकाशयोजनाकार यांची नावे न चुकता देते. त्यामुळे नाटककाराचे महत्त्व कमी झाल्याचे ऐकिवात नाही. जागेची अडचण मी समजू शकतो, तरी दोन-तीन नावांना फार तर एक ओळ लागेल.

म्हणून विनंती अशी की, यापुढे मुद्राचित्राचे छायाचित्र छापताना चित्रकाराच्या नावानंतर तंत्र, मुद्रक, कागद हाताने केलेला असल्यास कागदकार आणि केंद्र यांचा उल्लेख करावा. छायाचित्राची परवानगी मागतानाच ही माहिती विचारली, तर छापून झालेल्या लेखाची दुरुस्ती करण्याची वेळ येणार नाही.

आपला,
एक मुद्राचित्रकार वाचक