जुनी मोटरहोम बघायला पोरांना घेऊन जा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. जुनी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घ्यायचं तुम्ही खरंच मनावर घेतलंत तर! थोरलीची शाळा संपत आली, धाकटा तुझ्या खांद्याला लागला, थोड्या वर्षांत दोघंही आपापल्या वाटेला लागतील, म्हणून आत्ताच, हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. आमच्याकडे गाडी आल्यापासून मुलं आमच्याशी जितकं बोलली, तितकं घरात कधी बोलली नसती. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. पत्र लांबलं तरी चालवून घे.

कंपनी कुठली, इंजिन कुठलं, हे तू पहिल्यांदा विचारलंस. ते नंतर बघू. आधी आतली मांडणी बघ, आणि तीही सकाळच्या हिशेबाने. विकणारा गाडी दाखवतो ती दिवसाची असते, टेबल मांडलेलं, गाद्या नीटनेटक्या. तू मनात सकाळी सातचं चित्र आण. तू उठलायस, वहिनी उठल्या आहेत, आणि पोरं काही दहाच्या आत डोळे उघडत नाहीत. बऱ्याच गाड्यांत टेबल खाली करून त्याचाच पलंग करतात. अशा गाडीत बसायच्या जागेवर पोरगं झोपलेलं असतं, मग तुम्ही दोघांनी बसायचं कुठे? दाराबाहेर पाऊस असला तर? रोज रात्री टेबल मोडायचं, अंथरूण घालायचं, सकाळी पुन्हा आवरायचं, याचा कंटाळा फार लवकर येतो, आणि तो निघतो एकमेकांवर.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. मुलांचे बर्थ कायमचे असलेली गाडीच बघ. मागच्या टोकाला एकावर एक दोन बर्थ, मध्ये स्वयंपाकाची जागा आणि बाथरूम, पुढे बैठक, आणि तुमचा पलंग ड्रायव्हरच्या केबिनच्या वर किंवा छतातून खाली उतरणारा. ही रचना वाढत्या वयाच्या पोरांना सगळ्यात सोयीची. प्रत्येकाला स्वतःचा पडदा, स्वतःचा दिवा आणि उशाशी चार्जिंगची जागा असली पाहिजे. या वयात पडदा ओढून घेता येणं ही चैन नाही, गरज आहे.

आणि बघायला जाताना दोघांना सोबत ने. बूट काढून प्रत्येकाला आपापल्या बर्थवर आडवं होऊ दे, नुसतं बसून बघून भागत नाही. आमच्या धाकट्याने एका गाडीत वरच्या बर्थवर पाय ताणले, तर टाचा कपाटाला टेकल्या आणि गुडघे वरच राहिले. 'मुलं कशीही झोपतात हो,' विकणारा म्हणाला. लहान मुलं झोपत असतील. या वयाची पोरं दोन वर्षांत कुठल्या कुठे वाढतात, म्हणून मोजपट्टी ने आणि आजच्या उंचीत पंधरा सेंटीमीटर मिळवून बघ. मालवाहू व्हॅनच्या पत्र्यातच बसवलेल्या गाडीत आडवा पलंग १९० सेंटीमीटरच्या आतबाहेरच मिळतो. बर्थवर वजनाच्या मर्यादेची पट्टी असेल तर तीही वाच, कारण काही बर्थ फक्त लहान मुलांसाठी बनवलेले असतात.

झोपायच्या जागा चार म्हणजे बेल्टच्या जागा चार, असं समजू नकोस. सहा जण झोपू शकतील अशा गाडीत कधीकधी चारच बेल्ट असतात, तर कधी त्यातले दोन बाजूला तोंड करून बसायच्या बाकावर. तसल्या बाकावर मी माझ्या पोरांना चालत्या गाडीत बसवणार नाही, तूही बसवू नकोस. पुढे तोंड असलेली, खांद्यावरून बेल्ट येणारी जागा प्रत्येकाला हवी. नोंदणीच्या कागदावर किती आसनं लिहिली आहेत तेही ताडून बघ.

वजनाचं गणित लोक टाळतात, तू टाळू नकोस. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर साधारणपणे ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, त्यामुळे तिथल्या पुष्कळ गाड्या बरोबर याच आकड्यावर नोंदवलेल्या असतात. समज, तशी एखादी गाडी रिकामी ३१०० किलो भरली. उरले ४००. तुम्ही चौघं मिळून अडीचशेच्या पुढे, टाकीतलं १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. राहिलेल्या पन्नासेक किलोत कपडे, भांडी, अंथरुणं, सिलिंडर आणि पोरांच्या सायकली कशा बसवणार? त्यात सायकली मागे टांगल्या की भार थेट मागच्या आसावर जातो. मालक तयार असेल तर गाडी वजनकाट्यावर घालून बघ. माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा छतावरचा एसी, सोलर, बाहेरचा मांडव वगैरे नंतर बसवायच्या आधीचा असतो.

आता ओल. जुन्या गाडीचा खरा शत्रू हाच. इंजिन दुरुस्त होतं, पण भिंतीत मुरलेलं पाणी गाडी आतून खाऊन टाकतं. या भिंती बाहेरून पत्रा किंवा फायबर, मध्ये फोम आणि लाकडी पट्ट्या, आतून पातळ प्लाय अशा थरांच्या असतात. छताचा एक सांधा उघडला की पाणी लाकडात शिरतं आणि बाहेर काही दिसेपर्यंत वर्षं गेलेली असतात. दार उघडल्याबरोबर पहिला श्वास लक्ष देऊन घे. कुबट वास आला, किंवा तो झाकायला भरपूर सुवास फवारलेला वाटला, तर सावध हो. मग कपाटांच्या आत, पलंगाच्या गादीखाली, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, छतावरच्या खिडकीभोवती आणि केबिनवरचा भाग जिथे जोडलाय तिथे अंगठ्याने दाबत जा. चांगली भिंत टणक लागते, भिजलेली पुठ्ठ्यासारखी दबते. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते ने. साधारण १५ टक्क्यांपर्यंत काळजी नाही, २० च्या वर कारण शोधायचं, आणि ३० च्या आसपास दाखवत असेल तर मुकाट्याने परत ये, गाडी कितीही आवडली असली तरी. एखाद्याच कोपऱ्यात सांधे बुजवायचं नवं सीलंट किंवा नवा कागद दिसला, तर तो का लावला ते विचार.

यांत्रिक बाजू त्या मानाने सोपी. या गाड्या उभ्याच जास्त असतात, त्यामुळे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी बाजूला भेगा असतील तर बदलावे लागणारच, तो खर्च सौद्यात धर. इंजिनातला टायमिंग बेल्टही नुसत्या किलोमीटरवर नाही, वर्षांवरही बदलायचा असतो, तेव्हा शेवटचा कधी बदलला त्याची पावती माग.

आतली सगळी उपकरणं चालवूनच दाखवायला सांग. फ्रिज गॅस, बॅटरी आणि मुख्य वीज अशा तिन्हींवर चालणारा असेल तर तिन्हींवर. गॅसची जोडणी जाणकाराकडून तपासून घे आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर पहिल्या दिवशी बसव. गरम पाण्याच्या कित्येक टाक्या दहाच लिटरच्या असतात. थोरलीच्या एका अंघोळीत ती संपेल, हे तिला आधीच सांगून ठेव. साधी लेड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, आणि तुमच्याकडे दोन लॅपटॉप, चार फोन. तेव्हा बॅटरी कुठली, किती जुनी, हे नक्की विचार.

शक्य असेल तर घ्यायच्या आधी अशाच मांडणीची एक गाडी भाड्याने घेऊन दोन रात्री राहा. पोरांचं खरं मत तिथेच कळेल, आणि ते तुमच्या मताइतकंच मोजा. त्यांना नको असलेल्या गाडीत ती येणार नाहीत.

या आठवड्यात बघायला जाणार आहेस ना? छताच्या कोपऱ्यांचे, कपाटांच्या आतले आणि वजनाच्या पट्टीचे फोटो पाठव. मी रात्री निवांत बघतो आणि फोन करतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र