एकाच दिवशी दोन बटणं

नांदेड,
८ डिसेंबर २०२४

प्रिय संतोष,

तुझा मेसेज मी विधानसभेच्या निकालाच्या दिवशीच वाचला होता, "आपले लोक दीड हजारात विकले गेले". तेव्हाच फोन केला असता तर भांडण झालं असतं म्हणून गप्प बसलो. आता पंधरा दिवस झाले, मुख्यमंत्र्यांची शपथ पण झाली, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही, कारण त्या "आपल्या लोकांत" माझी आई येते रे. अकरावी-बारावीला दोन वर्षं तिच्या हातचं जेवलायस तू.

तू पुण्यात बसून टीव्हीवर महायुतीच्या २८८ पैकी २३० जागा बघितल्यास. लोकसभेला ४८ पैकी ३० महाविकास आघाडीला दिल्या आणि सहा महिन्यांत पलटी मारली म्हणजे पैसा किंवा मशीन, असं तुझं म्हणणं. पण आपल्या नांदेडात त्या दिवशी काय झालं ते बघ, कारण राज्यात दुसरीकडे असं झालंच नाही. आपले काँग्रेसचे खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये वारले, त्यामुळे २० नोव्हेंबरला आपल्याकडे लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा एकाच दिवशी होती. तोच बूथ, तीच माणसं, तीच शाई, मशीन फक्त दोन. आणि निकाल काय, तर विधानसभेला जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा महायुतीला, लोकसभेच्या मतदारसंघातल्या सहाही त्यातच आल्या, आणि लोकसभेला मात्र वसंतरावांचाच मुलगा, काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, १,४५७ मतांनी निवडून आले. म्हणजे हजारो लोकांनी एका मशीनवर एक आणि दुसऱ्या मशीनवर दुसरंच बटण दाबलंय. विकला गेलेला माणूस असं निवडून निवडून मत देईल का?

आईला मी रात्री विचारलं. ती म्हणाली, एक मत पैसे पाठवले त्यांना, एक वसंतरावांच्या पोराला, माणूस चांगला होता. एवढंच. आपल्या नायगावचे सरपंच होते तेव्हापासून ती त्यांना ओळखते, दारात येऊन बसलेला माणूस आहे तो तिच्यासाठी. आणि लाडक्या बहिणीचे महिन्याचे दीड हजार म्हणशील तर ऑक्टोबरपर्यंत पाच महिन्यांचे साडेसात हजार तिच्या स्वतःच्या खात्यात आले होते. आयुष्यभर शेतात राबली, पण तिच्या नावावर परस्पर पैसा आला तो पहिल्यांदा, मला न विचारता तिने चष्मा करून आणला. तू याला विकणं म्हणतोस, मला ते म्हणवत नाही.

मला स्वतःला निकाल आवडला असं समजू नकोस. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि आडतीवर चार हजारच्या आसपास मागत होते, वरून सप्टेंबरच्या सुरुवातीला अतिवृष्टीत अर्धं शेत पाण्यात. मला वाटलं होतं याच रागावर सरकार पडेल, लोकसभेला मराठवाड्यात आठपैकी सात आघाडीला गेल्या होत्या त्यात हा राग होताच. पण तेव्हा आरक्षणाचा प्रश्न तापलेला होता, वर "चारशे पार"मुळे संविधान बदलणार ही धास्ती दलित आणि मुस्लिम वस्त्यांत खरीखुरी होती, ते सगळं आघाडीच्या पारड्यात पडलं. विधानसभेला मराठा आरक्षणवाल्या जरांगेंनी ऐनवेळी उमेदवार मागे घेतले, ओबीसी गावोगाव एकवटले, आणि मराठा मत दोन्हीकडचे उमेदवार मराठाच म्हणून फुटलं. आघाडीवाले मात्र जागावाटपात भांडत बसले, त्याचा मला जास्त राग आहे.

आणि हे पलटणं आजचं नाही, तुला तर आठवायला पाहिजे. २०१४ च्या लाटेत अख्ख्या राज्यात काँग्रेसच्या दोनच आल्या, आपलं नांदेड आणि शेजारचं हिंगोली. २०१७ ला सगळीकडे कमळ फुलत होतं तेव्हा आपल्या महापालिकेत ८१ पैकी ७३ काँग्रेसचे. मग २०१९ ला त्याच नांदेडने काँग्रेसच्या अशोकराव चव्हाणांना लोकसभेला चाळीसेक हजारांनी पाडलं, वंचितने दीड लाखाच्या वर मतं खाल्ली होती, आणि पाच महिन्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या भोकरने त्यांनाच भरभरून लीड देऊन आमदार केलं. यंदा ते फेब्रुवारीत भाजपमध्ये गेले तर लोकांनी लोकसभेला वसंतरावांना निवडून दिलं, आणि नोव्हेंबरला भोकरमधून अशोकरावांची मुलगी आमदार झाली. आपला माणूस पक्षाचं कुंकू लावून बसत नाही यार. दिल्लीचं दिल्लीला, मुंबईचं मुंबईला, असा हिशोब तो आधीपासून करतो, आपणच दरवेळी नव्याने चकित होतो.

आणखी एक आकडा बघ, लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांत राज्यभरात एक टक्क्याचाही फरक नव्हता, तरी जागा ३० आणि १७. म्हणजे महायुतीची मतं तेव्हा कुठे गेलीच नव्हती, आपण जागा बघून हुरळलो. विधानसभेला ती जवळपास ४९ टक्क्यांवर गेली.

मशीनचं म्हणशील तर शंका घेणाऱ्यांना मी हसत नाही. माळशिरसच्या मारकडवाडीत लोक ३ तारखेला स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेणार होते, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही, हे मला पटलेलं नाही. लोकांना बघायचं असेल तर बघू द्यावं. पण माझ्या घरातल्या चार जणांचं मी सांगू शकतो, मतं जिथे द्यायची तिथेच दिली होती, आणि चौघांनीही दोन्ही मशीनवर एकाच बाजूचं बटण दाबलेलं नाही.

तुझा राग मला कळतो, तुलाही भावाच्या शेताची काळजी आहे. फक्त तो मेसेज तू आपल्या शाळेच्या ग्रुपवर पण टाकलायस, तेवढा काढ. तिथल्या निम्म्या जणांच्या आया लाईनमध्ये माझ्या आईच्या मागे-पुढे उभ्या होत्या.

संक्रांतीला ये. आई विचारत होती लाडक्या बहिणीचे कबूल केलेले एकवीसशे कधीपासून चालू होणार, मी म्हटलं बघू. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की कोणाला देणार ते मात्र ती मला सांगत नाहीये, तू आलास की तूच विचार.

तुझा,
दिलीप